मदत हवी आहे: हायकिंग आणि स्कीइंग, दोन्हींना चालतील असे बूट कोणते?

अवखळ_वारा: शनिवारी निघायचंय, म्हणून घाईत विचारतेय. या हिवाळ्यात जवळच्या डोंगरांत हायकिंग आणि स्कीइंग दोन्ही सुरू करायचं आहे. पुण्यात असताना भरपूर ट्रेक केलेत, त्यामुळे चालण्याची सवय आहे. दोन्हींना चालेल असा एकच बूट मिळतो का? कुठला घ्यावा? "गूगल करा" म्हणू नका, करून डोकं उठलंय.

पाथरवट: जवळचे म्हणजे कुठले डोंगर? कोण कोण जाताय?

हिमगौरी: औलीला जा! हरिद्वारहून जोशीमठ, तिथून वर. गढवाल मंडल विकास निगमचे नवशिक्यांसाठी कोर्स असतात, साहित्य तिथेच मिळतं. गुलमर्ग उंच आहे, सुरुवातीला औलीच बरं.

अवखळ_वारा: औली नाही हो! आम्ही अमेरिकेत सिएटलजवळ राहतो, बेलव्ह्यूत. कृपया बुटांचं सांगा.

पाथरवट: मग हे आधीच लिहायला हवं होतं. एकच बूट चालत नाही. उतारावरच्या स्कीइंगचा बूट टणक प्लॅस्टिकचा असतो, त्यात घोटा हलत नाही. तो घालून मैलभर चालणं अशक्य. चालायला साधे वॉटरप्रूफ बूट घ्या आणि बर्फाळ वाटेसाठी त्यांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे छोटे धातूचे काटे. स्कीचं सगळं भाड्याने घ्या.

रानवाटा_२: भाडं कशाला? सीझन संपताना जुना सेट विकत घ्या, दोन वर्षांत पैसे वसूल.

पाथरवट: जिने अजून एकदाही स्की पायात घातली नाही तिला सेट घ्यायला सांगताय? मापाचा बूट म्हणजे काय हे आधी पायाला कळू दे. भाड्याच्या दुकानात वजन विचारतात, ते खरं सांगा. पडल्यावर बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) कधी सुटायचं ते त्यावर ठरतं. आणि मोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय आत सरकतो आणि बोटं जास्त गारठतात.

रानवाटा_२: मला दोन मोज्यांनी कधी त्रास झाला नाही.

सोनचाफा: स्नोक्वाल्मी पास या खिंडीत जा, सिएटलहून तासाभराचा रस्ता. तिथल्या स्कीच्या भागांपैकी समिट वेस्ट किंवा सेंट्रल घ्या, अल्पेंटल नको, ते कसलेल्या लोकांसाठी. पहिल्या दिवशी शिकवणी लावाच. नवरा-बायकोने एकमेकांना शिकवू नये, त्यात दिवस भांडणात जातो. आणि जीन्स अजिबात नको. खिंड जेमतेम तीन हजार फुटांवर, त्यामुळे बर्फ जड आणि ओला असतो, कधी चक्क पाऊस पडतो. भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं.

मावळकर: पुण्याचे ट्रेक केलेत ना? मग घाबरायचं कशाला? कळसूबाई ५४०० फूट, इथला माउंट साय ४२०० सुद्धा नाही.

पाथरवट: उंचीचा इथे संबंध काय? सह्याद्रीत पावलाखाली कातळ असतो, फार तर निसरडा. इथे वरच्या उताराचा बर्फच निसटून खाली येतो. आणि जानेवारीत पावणेपाचला सूर्य मावळतो. @अवखळ_वारा, शनिवारी नेमकं कुठे जाताय?

अवखळ_वारा: मैत्रिणीच्या ग्रुपबरोबर स्नो लेक. त्यांच्याकडे स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळ) आहेत. आमची मुलगी पण आहे, आठ वर्षांची. स्कीइंग पुढच्या आठवड्यात.

सोनचाफा: अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! स्नो लेकची वाट उन्हाळ्यात सुंदर, पण हिवाळ्यात ती हिमस्खलनाच्या उतारांखालून जाते. तिथे माणसांचे जीव गेलेत. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरच्या साइटवर रोज एक ते पाच अशी धोक्याची पातळी देतात. तीन म्हणजे मधला, असं समजू नका. तीनला माणूस सहज दगावू शकतो.

मावळकर: तिथे शनिवारी गर्दी असते. धोका असता तर एवढे लोक गेले असते का?

सोनचाफा: गर्दीने उतार स्थिर होत नाही. लेकीला घेऊन खिंडीजवळच्या गोल्ड क्रीक पाँडला जा. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, फक्त दरीत पुढे जाऊ नका. स्नो-पार्क परमिट (तिथे गाडी लावायचा हिवाळी परवाना) आधी काढा. बर्फच नको असेल तर खाली रॅटलस्नेक लेजची वाट, तिथे परवानाही लागत नाही.

हिमगौरी: संक्रांत जवळ आहे, गुळाच्या पोळ्या न्या. पोटाला आधार राहतो. मुलीसाठी थर्मासमध्ये गरम वरणही छान.

अवखळ_वारा: मैत्रिणीच्या नवऱ्याला कळवलं. तो म्हणतो, आम्ही दरवर्षी जातो, काही होत नाही. आता काय करू? त्यांना वाईट वाटेल.

पाथरवट: वाटू दे. शनिवारचा अंदाज शुक्रवारी संध्याकाळी येतो, तो त्याच्यासमोर उघडा. बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं कुणाकडे आहे, तेही विचारा. उत्तर "नाही" आलं तर तुम्ही तिघे गोल्ड क्रीकला जा, त्यांनाही बोलवा. आणि खिंडीत अचानक चाकांच्या साखळ्या सक्तीच्या करतात. तुमच्या गाडीत आहेत का?