मोबाईलचे एसएआर मूल्य आणि समोरच्या गच्चीवरचा अँटेना : नेमके मोजतात काय?

मुलुंडकर_गृहिणी

नमस्कार. सासूबाईंसाठी नवा मोबाईल घ्यायचा आहे. *#०७# दाबल्यावर एका संचावर डोक्याजवळचे एसएआर ०.९५ दिसते, तर दुसऱ्यावर १.१८. दुकानदार पहिला संच ‘सुरक्षित’ म्हणून गळ्यात मारू पाहत आहे. त्यातच समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या महिन्यात अँटेना बसले असून ते आमच्या सहाव्या मजल्यावरील शयनगृहाच्या खिडकीच्या जवळजवळ समोर येतात. सोसायटीच्या सभेत यावरून बरीच खडाजंगी झाली, परंतु हे आकडे कोण आणि कसे काढते हे कोणालाच सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पवई_तरंग

ताई, आधी मोबाईलचे पाहू. एसएआर म्हणजे शरीराच्या ऊतींत दर किलोमागे दर सेकंदाला शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून डोक्यासाठी तिची मर्यादा १.६ वॉट प्रति किलो आहे आणि ती कोणत्याही १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीला लागू होते. युरोपात २ वॉटची मर्यादा आहे, मात्र तेथील सरासरी १० ग्रॅमवर काढतात. मोठ्या तुकड्यावरील सरासरीत एखाद्या ठिकाणचा उंचवटा बुजून जातो, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

चाचणी जिवंत माणसावर होत नाही. मानवी डोक्याच्या आकाराचे पातळ कवच घेऊन त्यात पाणी, साखर, मीठ यांसारख्या पदार्थांचे असे द्रावण भरतात की ज्याचे विद्युत गुणधर्म त्या वारंवारतेला डोक्यातील ऊतींसारखे असतील. संच बाहेरून गालाला टेकवतात, नंतर १५ अंश कलता धरतात, हेच दुसऱ्या कानाशी करतात आणि प्रत्येक वेळी तो पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करील अशी व्यवस्था करतात. यंत्रमानवाच्या हाताला लावलेला बारीक शोधक द्रावणात फिरून विद्युतक्षेत्र मोजतो. आधी ढोबळ फेरी होते, मग जेथे क्षेत्र सर्वाधिक आढळले तेथे अगदी जवळजवळच्या बिंदूंवर दुसरी. क्षेत्राच्या वर्गाला द्रावणाच्या वाहकतेने गुणून घनतेने भागले की एसएआर मिळते. अशा सर्व स्थितींतील कमाल आकडा आपल्या पडद्यावर दिसतो.

या मोजणीत सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची अनिश्चितता मानकांनाच मान्य आहे. तेव्हा ०.९५ आणि १.१८ यांवरून एक संच सुरक्षित आणि दुसरा घातक ठरवणे ही निव्वळ विक्रीकला झाली.

शिवाय हा आकडा संच नियमात बसतो की नाही एवढेच सांगतो. सासूबाईंच्या डोक्यात प्रत्यक्ष किती ऊर्जा जाईल याचे ते भाकीत नव्हे. फोर-जीचा संच साधारणतः कमाल २०० मिलिवॉट शक्ती वापरतो, परंतु मनोरा जवळ असेल आणि रेंज चांगली असेल तर नेटवर्कच त्याला शक्ती उतरवायला लावते, आणि ती हजारांश भागाच्याही खाली जाऊ शकते. तळघरातील वाहनतळात किंवा लिफ्टमध्ये तोच संच जोर लावतो. थोडक्यात, १.१८ चा संच चांगल्या रेंजमध्ये खराब रेंजमधील ०.९५ च्या संचापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा डोक्यात सोडू शकतो.

गिरगावचा_म्हातारा

वरील उत्तरात एक भर. चाचणीतले अंतर बदलले की निकाल बदलतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या नियामकाने आयफोन १२ ची विक्री थांबवली, ती हातात किंवा खिशात धरल्याप्रमाणे संच अंगाला लागून ठेवला असता हातापायांसाठीच्या ४ च्या मर्यादेपुढे ५.७४ वॉट प्रति किलो आढळले म्हणून. कानाला लावून बोलण्याऐवजी तारेचा इयरफोन वापरा. आम्हा वयस्करांना ऐकूही नीट येते.

मुलुंडकर_गृहिणी

दोघांचेही आभार. म्हणजे समोरचा अँटेना जवळ असणे मोबाईलच्या दृष्टीने बरेच म्हणायचे! पण मग अँटेनाचे स्वतःचे काय?

पवई_तरंग

तेथे एसएआर नव्हे, तर दर चौरस मीटरवर पडणारी शक्ती पाहतात. भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशींचा दहावा हिस्सा मर्यादा म्हणून स्वीकारला. ९०० मेगाहर्ट्झला ती ०.४५ वॉट आणि १८०० ला ०.९ वॉट आहे. अंदाज बांधणे सोपे आहे. अँटेनाची मुख्य झोताच्या दिशेतील प्रभावी शक्ती १००० वॉट धरली, तर २० मीटरवर सुमारे ०.२ वॉट प्रति चौरस मीटर येते आणि अंतर दुप्पट झाले की ती चौथाई होते. झोत पुढे, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे ज्यांच्या गच्चीवर अँटेना आहे आणि ज्यांना भाडे मिळते, त्यांच्या वरच्या मजल्याला तो कमी लागतो आणि समोरच्या इमारतीला, तीही मुंबईतल्यासारखी हाकेच्या अंतरावर असेल तर, जास्त. सभेत हा मुद्दा अवश्य मांडा.

मात्र एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांचे अनेक वारंवारता-पट्टे (९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झसारखे) असतात. प्रत्येक पट्ट्याचे मोजमाप त्याच्या मर्यादेने भागून सर्व भागाकारांची बेरीज एकाहून कमी आहे का, हे तपासावे लागते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर सर्व पट्टे एकत्र दाखवतात आणि खिशातल्या मोबाईलनेही उसळतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर तक्रार करू नका. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या २०१७ मधील पोर्टलवर आपल्या भागातील मनोऱ्यांची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीचीही मागणी करता येते. मोजणीला माणसे येतील तेव्हा त्यांना गच्चीवर न पाठवता शयनगृहात न्या, खिडकी उघडी ठेवायला सांगा आणि घरातले मोबाईल व वायफाय तेवढा वेळ बंद करा.