मदत हवी आहे: लुईस डॉट स्ट्रक्चर काढताना एक इलेक्ट्रॉन उरतोय

चिंचपान:
अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड. केमिकल बाँडिंगमधलं एक लुईस डॉट स्ट्रक्चर (अणूंभोवतीचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायची आकृती) काही केल्या जमत नाहीये. सगळे व्हॅलन्स (सर्वात बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन मोजले, जोड्या लावल्या, तरी शेवटी एक उरतोच. क्लासमध्ये "ऑक्टेट पूर्ण करा", म्हणजे अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन करा, एवढंच सांगून पुढचा टॉपिक घेतला. परवा युनिट टेस्ट आहे, प्लीज लवकर सांगा. दहावीतलं मिथेन, इथिलीन वगैरे मला येतं, तिथून सुरुवात करू नका.

लॅबकोट:
कोणतं संयुग ते तर लिहा.

चिंचपान:
नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं.

सडेतोड:
मग तुझं बरोबरच आहे. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये ५ + ६ + ६ = १७, विषम संख्या. एक एकटा राहणारच, तो नायट्रोजनवर दाखव. नायट्रिक ऑक्साइडचंही तेच, तिथे ११. ऑक्टेटचे अपवाद पुस्तकात आहेत. या एकट्या इलेक्ट्रॉनमुळेच नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू थंड केल्यावर जोडीजोडीने बांधले जातात आणि तपकिरी वायू फिका पडतो.

लॅबकोट:
सडेतोड, जरा थांबा. तिने डायऑक्साइड म्हटलेलं नाही. चिंचपान, ऑक्सिजन किती आहेत? आणि सूत्राच्या वर उजवीकडे काही चिन्ह आहे का?

चिंचपान:
ऑक्सिजन तीन. वर उणे आहे, पण चार्जचा डॉट्सशी काय संबंध? ५ + १८ = २३, मोजून झालंय.

लॅबकोट:
म्हणजे हा नायट्रेट आयन (चार्ज असलेला अणूंचा गट). सगळं तिथेच अडलंय. उणे एक म्हणजे बाहेरून आलेला एक जादा इलेक्ट्रॉन, सोडियम नायट्रेट असेल तर सोडियमने दिलेला. तोही मोजायचा. २४ होतात, म्हणजे १२ जोड्या.
आता मध्ये नायट्रोजन, भोवती तीन ऑक्सिजन, तीन एकेरी बंध. ३ जोड्या गेल्या. उरलेल्या ९ प्रत्येक ऑक्सिजनवर तीन-तीन ठेव. ऑक्सिजनचं ऑक्टेट झालं, पण नायट्रोजनकडे सहाच आहेत. मग एका ऑक्सिजनची एक लोन पेअर (बंधात नसलेली जोडी) आत घेऊन दुहेरी बंध कर. शेवटी सगळं चौकटी कंसात आणि बाहेर उणे. कंस विसरू नकोस, त्याचे मार्क जातात.

खडूफळा:
निवृत्त शिक्षक आहे. दुसरा दुहेरी बंध मात्र काढू नकोस बाळा. जुन्या पुस्तकांत नायट्रोजनला पाच बंध सर्रास दाखवत, पण त्याने नायट्रोजनभोवती दहा इलेक्ट्रॉन होतात आणि दुसऱ्या आवर्तनात आठच्या वर जागा नाही. त्यापेक्षा नायट्रोजनकडून एका ऑक्सिजनकडे बाण काढ. दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनचे, तो कोऑर्डिनेट बंध.

लॅबकोट:
सर, बाणाने मुलं गोंधळतात. बंध झाल्यावर इलेक्ट्रॉन कुणाचा होता हे ओळखता येत नाही, चारही बंध शेवटी सहसंयुजच. फॉर्मल चार्ज (आकृतीत प्रत्येक अणूच्या वाट्याला येणारा चार्ज) लिहिला की हिशोब लागतो: मूळ व्हॅलन्स इलेक्ट्रॉन, त्यातून लोन पेअरमधले वजा, मग बंधांची संख्या वजा. नायट्रोजन ५ − ० − ४ = +१. एकेरी बंधाचा ऑक्सिजन ६ − ६ − १ = −१, असे दोन. दुहेरीचा शून्य. बेरीज −१ आली, म्हणजे आकृती बरोबर.

खडूफळा:
हिशोब मान्य. पण बंध कसा तयार झाला हे बाणातूनच दिसतं, त्यावर मी ठाम आहे.

सडेतोड:
मला विचाराल तर आधी हायब्रिडायझेशन (अणूच्या ऑर्बिटल्स मिसळून बंधांची दिशा ठरवणं) शिकावं, डॉट्सची गरजच उरत नाही.

खडूफळा:
सडेतोड, लोन पेअर किती हेच माहीत नसेल तर हायब्रिडायझेशन ठरवणार कशावरून?

दुपारचा_डबा:
माझ्या मुलाला कागदावर काहीच कळेना. मग क्लेचे गोळे आणि टूथपिक घेऊन बसलो. मिथेन वहीत अधिक चिन्हासारखं सपाट दिसतं, हातात घेतल्यावर चारही हायड्रोजन एकमेकांपासून लांब पळालेले दिसले, कोन १०९.५ अंशांचा. नायट्रेट मात्र खरंच सपाट, १२० अंश. करून बघ.

रँकर२७:
जेईई देणार असशील तर बोर्डाच्या पुस्तकावर थांबू नकोस. फिजिक्सला आत्ताच लाग, रोटेशनल मोशन बारावीपर्यंत ठेवू नकोस.

चिंचपान:
जेईई देत नाहीये. २४ धरून जमलं. पण दुहेरी बंध नेमक्या कोणत्या ऑक्सिजनला द्यायचा? मी डावीकडच्याला दिलाय, मैत्रिणीने वरच्याला.

लॅबकोट:
दोघींचंही बरोबर. तशा तीन आकृत्या निघतात, मध्ये दोन टोकांचा बाण घालून तिन्ही काढ. हे रेझोनन्स. खरा आयन या तिघांमध्ये उड्या मारत नसतो, तो एकच असतो आणि त्यात तिन्ही बंध एकाच लांबीचे असतात, एकेरीपेक्षा आखूड आणि दुहेरीपेक्षा लांब. डॉट्सने हे एका आकृतीत दाखवता येत नाही, म्हणून तीन.

खडूफळा:
अवांतर: सामायिक जोडीची ही कल्पना गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये मांडली, तेव्हा क्वांटम मेकॅनिक्स यायचं होतं. इतकं पायाभूत काम, आणि त्याला नोबेल मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

चिंचपान:
मग अमोनियमला (एक नायट्रोजन, चार हायड्रोजन) उलटं ना? ५ + ४ = ९, वर अधिक आहे म्हणून एक वजा, ८?

लॅबकोट:
हो, ८. चार एकेरी बंधांतच सगळे संपतात, नायट्रोजनवर लोन पेअर राहत नाही. आता सल्फेट (एक सल्फर, चार ऑक्सिजन) मोजून इथे टाक, तिथे उणे दोन आहे.

चिंचपान:
६ + २४ + २ = ३२.

लॅबकोट:
बरोबर.