मदत हवी आहे : डॉज चार्जरच्या मॉडेलच्या बॉडीवरचा रंग सुरकुतला, पोळा तोंडावर

गाडीवाला_दर्यापूर :
भाऊ लोकहो लवकर सांगा. ६९ ची डॉज चार्जर, अमेरिकेची जुनी गाडी, तिचं प्लास्टिकचं मॉडेल करून राहिलो, १:२५ वालं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढं. इंजिन झालं, चेसिस झालं, सीटा झाल्या, काल बॉडीले नारिंगी मारला आन सकाळी पाहतो तं छतावर आन डिक्कीवर रंग असा गोळा होऊन आला जशी दुधावरची साय. मोठा भाऊ पोळ्याले घरी येऊन राहिला, किट त्यानंच दोन वर्षांआधी आणली होती, त्याच्या हातात द्यायची हाय. आठ दिवस उरले. काय करू?

हेमी_४२६ :
रंग कोणता? खाली प्रायमर कोणता? दोन्हीच्या मधात किती वेळ गेला?

गाडीवाला_दर्यापूर :
नारिंगी. सांगतलं ना.

हेमी_४२६ :
इनॅमल (तेलाचा) की लॅकर (थिनरचा, लवकर वाळणारा) ते विचारलं भाऊ. डब्यावर वाच.

नंदीवाला_सिंदी :
स्प्रेच्या नादी लागूच नका. मी तान्ह्या पोळ्याचे लाकडाचे नंदी रंगवतो, ऑइल पेंट आन बारीक ब्रश, दोन पातळ हात, दोन दिवस वाळवण. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा येऊन पाहा, एकाही नंदीवर सुरकुती नाई दिसणार.

हेमी_४२६ :
काका, लाकूड रंग पिते, हे स्टायरीन प्लास्टिक हाय. आन अख्खी गाडी २१ सेंटिमीटरची, ब्रशची रेघ रस्त्यासारखी दिसते.

जुनी_गाडी_वर्धा :
अमेरिकेच्या गाड्या कायले, आपली कॉन्टेसा करा ना. इसुझूचं १८०० सीसी इंजिन, काय रुबाब होता. मसल कार म्हणजे तेच.

हेमी_४२६ :
कॉन्टेसा मलेही आवडते पण तिचं मूळ विलायतेतली व्हॉक्सहॉल. अन् चार्जरमधलं ४२६ हेमी इंजिन ७ लिटरचं, ४२५ हॉर्सपॉवर, दोन कार्ब्युरेटर. दुसरा धागा काढा, तिथं बोलू.

गाडीवाला_दर्यापूर :
डबा पाहला. मोटरसायकलच्या टाकीले मारतात तोच लॅकर स्प्रे, हार्डवेअरवाल्याकडचा. प्रायमर घरी होता, गेटचा लाल ऑक्साइड पातळ करून मारला. संध्याकाळी प्रायमर, दुसऱ्या दिवशी स्प्रे.

हेमी_४२६ :
इथंच घोळ झाला. गेटचा प्रायमर तेलाचा, श्रावणाच्या दमट हवेत एका रातीत वरून कोरडा लागते पण आत ओलाच असते. वरून लॅकरचं थिनर गेलं की खालचा थर फुगते आन उचलते. घासून जमणार नाई, सगळा काढा लागते.

पेंटर_मोर्शी :
थिनरमध्ये बुडव, पाच मिनटात साफ. मी रोज तेच करतो.

हेमी_४२६ :
नको!!! लोखंडाले चालते, स्टायरीन थिनरमध्ये विरघळते. ब्रेक ऑइल घे, डॉट ३. प्लास्टिकच्या डब्यात रातभर ठेव, हातमोजे घाल, सकाळी जुन्या टूथब्रशनं घास, मंग भांड्याच्या साबणानं धू. काचा आन क्रोमचे पार्ट आत जाऊ देऊ नको. वापरलेलं ऑइल वावरात नाई तं नालीत ओतू नको.

पेंटर_मोर्शी :
ब्रेक ऑइल सांडलं तं खऱ्या गाडीचा रंग उचलते, प्लास्टिक वाचन का?

हेमी_४२६ :
रंग उचलते म्हणूनच तं वापरतो. माही मस्टँग दोनदा अशीच धुतली, एक रेघ गेली नाई.

गाडीवाला_दर्यापूर :
दादा, बोनेट काल रातीच थिनरमध्ये टाकलं होतं. कडा मऊ होऊन वाकल्या.

वायरिंग_यवतमाळ :
बोनेट बसत नसन तं इंजिनच दाखव. स्पार्क प्लगच्या वायरी टाकल्या का? मोबाइलच्या जुन्या चार्जरच्या वायरीतली एक तार घे. हेमीत प्लग व्हाल्व्ह कव्हरच्या मधातून वर येतात, म्हणून वायरी वरूनच दिसतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कोणत्या क्रमानं पेटतात तो, १-८-४-३-६-५-७-२.

हेमी_४२६ :
बोनेटले चार दिवस हात लावू नको, कडक झालं की घासून पाहू. बॉडीले आता प्लास्टिकचा लॅकर प्रायमर मार, त्यावर तोच नारिंगी, पातळ पातळ. पाऊस चालू असताना मारू नको, पांढुरका पडते.

गाडीवाला_दर्यापूर :
रातभर ठेवली होती, सगळा रंग निघाला दादा, दरवाजाच्या रेघाही साबूत हायेत! प्रायमर अमरावतीहून उद्या येते. वायरी आजच टाकतो. इकडं दुपारी दोन-तीन घंटे ऊन पडते, तवाच मारू ना?

हेमी_४२६ :
हो, तवाच. आधी एका चमच्यावर मारून पाय.