जुनं पुष्पक विमान घ्यायचं ठरतंय : पैसे देण्याआधी काय काय उघडून बघू? (कोल्हापूर)

माळावरचा वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोलीत कास्टिंगच्या मशीनिंगचं काम करतो. बारामतीला पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) केलं त्याला सात वर्षं झाली. बहुतेक तास सेस्ना १५२ वर, टेलव्हीलचा (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानाचा) अनुभव शून्य.

एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवलेलं एक पुष्पक, दोन माणसांचं छोटं विमान, विकाऊ आहे. १९६० च्या दशकातलं, कॉन्टिनेंटल सी-९० इंजिन, कापडी पंख. मूळ मालक वारले, मुलांना त्यात रस नाही, पाच वर्षं शेडमध्ये उभं आहे. शेडचं दार उघडलं तेव्हा डोपचा (कापड ताणून धरणाऱ्या लेपाचा) तो जुना वास आला आणि मी तिथंच अडकलो. म्हणूनच इथं विचारतोय. एकदा जीव जडला की खोट दिसत नाही.

या विमानाबद्दल मला आपलेपणाही वाटतो. एचएएलमध्ये भारतीय विमानांच्या डिझाइनचा पाया घालणारे डॉ. घाटगे आपल्या जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला माणूस, १९५१ चं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांचं. पुष्पक १९५८ ला पहिल्यांदा उडालं, अमेरिकन एरॉन्का चीफच्या धर्तीवर. सुमारे १६० बनली आणि फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी त्यावर शिकली. त्यातलं एक उजळाईवाडीच्या (कोल्हापूर विमानतळाच्या) धावपट्टीवर उतरावं, ही इच्छा आहे.

विचारायचं ते असं. पैसे देण्याआधी काय उघडून बघू? आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्याला सोसेल का? आणि बारीकसारीक पार्ट उद्यमनगरात करून घेतले तर चालतील का?

---

सेफ्टीवायर

मी एएमई (विमान देखभाल अभियंता) होतो, आता निवृत्त. अशा विमानांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगाकडे बघू नका, शेपटीकडे जा. असल्या विमानांचा सांगाडा क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्यांचा, वेल्डिंग केलेला असतो. टेलव्हील विमान मागे टेकून उभं राहतं, त्यामुळे आत शिरलेलं सगळं पाणी खालच्या नळ्यांतून शेपटीच्या टोकाशी जाऊन साठतं. तिथल्या कापडाला पाणी निथळायची भोकं असतात, ती बुजलेली असतील तर समजा की वर्षानुवर्षं पाणी आत राहिलंय. तपासणीचं झाकण काढा, टॉर्च आडवा धरा आणि खालची नळी बोटांनी चाचपा. नुसती तांबूस भुकटी आली तर घासून, प्रायमर मारून भागतं. पापुद्रे सुटत असतील, टोच्याने टोकरल्यावर धातू आत दबत असेल तर ती नळी कापून बदलावी लागेल. म्हणजे तिथलं कापड काढणं आलं, आणि किमतीची सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून.

मग कापड. सुती ग्रेड-ए कापड नवं असताना इंचाला ८० पौंड ओढ सोसतं. मूळच्या ७० टक्क्यांखाली, म्हणजे ५६ पौंडांखाली गेलं की ते उतरवायचं. हळू उडणाऱ्या, पंखांवर कमी भार असलेल्या विमानांना हलकं कापड चालतं, तिथं ही मर्यादा ४६ आहे. तुमच्या विमानाला मुळात कुठलं कापड होतं ते कागदावर बघा. चाचणी पंखाच्या वरच्या अंगाला, सगळ्यात गडद रंगाच्या जागी करायची. कापड उन्हाने मरतं आणि गडद रंग जास्त तापतो. खालून कापड ठणठणीत लागलं म्हणून खूश होऊ नका. रंगाखालचा चंदेरी डोप हाच उन्हापासूनचा आडोसा. अंधारात पंखाच्या आत दिवा धरून बाहेरून बघा, उजेड झिरपत असेल तर तो थर पातळ झालाय.

इंजिनाची डिफरेन्शियल कॉम्प्रेशन चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. ८० पीएसआय हवा सोडतात आणि सिलिंडर किती धरतो ते बघतात. आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. सूं आवाज एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक, तेलाच्या नळीतून आला तर रिंगा. पाच वर्षं उभ्या इंजिनात कॅम आणि टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवर) गंज असतोच असं धरून चाला. सी-९० मध्ये कॅम क्रँकच्या खाली असतो, वरचं तेल त्यावर ठिबकतं, त्यामुळे जरा आशा आहे, पण उघडून बघितल्याशिवाय सुरू करू नका.

---

तीनजबडी

भावा, अभिनंदन आधीच करून टाकतो. पार्टचं काय घेऊन बसलास! बुश, पिन, पुलीचा दांडा, नमुना दे, दोन दिवसांत मायक्रॉनमध्ये करून देतो. आपल्या गावाने ऑइल इंजिनं अख्खी ओतून-घडवून देशभर पाठवली, तिथं एका बुशचं काय कौतुक?

---

सेफ्टीवायर

तीनजबडी, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. कोल्हापूरच्या टर्नरने केलेलं माप मी डोळे झाकून मान्य करीन. पण विमानाच्या पार्टला मापाइतकीच वंशावळ लागते. कुठल्या हीटचं (भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं) पोलाद, कुणी हीट ट्रीटमेंट केली, कुणी तपासलं, कुणाच्या परवान्यावर सोडलं. तो कागद नसेल तर पार्ट सोन्याचा असला तरी बसवता येत नाही आणि बसवला तर विमानाचा एअरवर्दीनेस (उडण्यायोग्य असल्याची मान्यता) जातो. बोल्ट तर बाजारातला नकोच. डोक्यावर खूण नसलेला बोल्ट दिसला की मी तो काढायलाच लावायचो. पंखाचा स्ट्रट (आधाराचा दांडा) धरणाऱ्या बोल्टवर माणसाचा जीव असतो.

तुमचं काम दुसरीकडे आहे आणि ते भरपूर आहे. शेपटी उचलून धरायचा स्टँड, पंख उतरवून ठेवायचे पाळणे, चाकांचे चोक, जमिनीतले बांधायचे हूक, इंजिन काढायची घोडी. हे विकत घ्यायचं तर महाग, आणि अनेक मालक तकलादू जुगाड करून त्यातच विमान जखमी करतात.

---

तीनजबडी

काका, पटलं. वंशावळ हा शब्द लक्षात ठेवतो. आमच्याकडेही एक्स्पोर्टच्या कास्टिंगला हीट नंबर नसला की लॉट परत येतो, तोच न्याय. स्टँडचं ड्रॉइंग कुणाकडे असेल तर द्या, मजुरी घेणार नाही.

---

बांध आणि ऊस

उडवण्याबद्दल लिहितो. मी दक्षिण महाराष्ट्रात टेलव्हील विमान उडवलंय.

आधी गणित. उजळाईवाडीची उंची सुमारे २,००० फूट. एप्रिलच्या दुपारी ३७ अंश असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, ५,००० फुटांच्या वर जाते. त्या हवेत ९० घोड्यांतले १३-१४ गळून पडतात. दोन माणसं नि भरलेली टाकी घेऊन ६१२ किलोच्या मर्यादेला टेकलात तर पट्टी पुरेल, पण चढ इतका मंद की पुढचे टॉवर नि झाडं तुमच्याकडे बघत राहतील. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उडा, दुपारी सोबती घेऊ नका.

पट्टी ०७-२५ आहे, म्हणजे ७० आणि २५० अंशांच्या दिशेने. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, बऱ्याचदा २५ च्या दिशेने उडताना नाकावरच, हे आपलं भाग्य. तरी टेलव्हीलवर आधी जाणत्या इन्स्ट्रक्टरसोबत दहा-पंधरा तास करा. १५२ मध्ये चाकं टेकली की पाय मोकळे होतात, इथं चाकं टेकल्यावर पायांचं काम सुरू होतं आणि विमान थांबेपर्यंत संपत नाही.

इंजिन बंद पडलं तर उभ्या उसात उतरू नका. वरून हिरवी गादी दिसते, पण दहा फुटी ऊस चाकं धरतो आणि विमान उलथतं. तोडणी झालेलं रान बघा आणि सरीच्या रेषेत उतरा, आडवं नाही. गळीत हंगामात पाचट जाळल्याचा धूर सकाळी खाली बसतो, तेव्हा ही रानं दिसतही नाहीत. मग थांबा.

आणि कुंभारीण माशी! आमचं विमान तीन आठवडे उभं होतं. रनअपला (उडण्याआधीच्या इंजिनाच्या चाचणीला) इंजिन चांगलं चाललं आणि चौथ्या मिनिटाला धापा टाकायला लागलं. नशीब, जमिनीवरच होतो. टाकीच्या हवेच्या भोकात तिने नखाएवढं मातीचं घर बांधलं होतं. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. तेव्हापासून पिटो (वेग मोजायची नळी) आणि व्हेंट (टाकीचं हवेचं भोक) दोन्हींना लाल फडक्याचं झाकण, आणि उडण्याआधी भोकाला बोट लावून बघायचं.

---

माळावरचा वारा

काका आणि बांधदादा, मनापासून आभार. दोन शंका. पंपावरचं पेट्रोल चालेल का? सी-९० चं कॉम्प्रेशन कमी, ८० ऑक्टेनसाठी बनलेलं. आणि पावसाळ्यात आठवड्याला जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवलं तर पुरेल का?

---

सेफ्टीवायर

पंपाचं पेट्रोल अजिबात नको. ऑक्टेन जुळतं, पण आता त्यात २० टक्के इथेनॉल आहे. ते जुनं रबर, कॉर्क, टाकीचं सीलंट खातं आणि पाणी ओढून घेतं. विमानाचं निळं १०० एलएल पेट्रोलच घ्या. त्यात शिसं जुन्या ८०/८७ ऑक्टेनच्या विमान-पेट्रोलच्या चौपटीपर्यंत असतं, म्हणून खालच्या प्लगांत राखाडी मणी साठतात. प्लग वेळेवर काढून साफ करा. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) तपासताना आरपीएम जास्त पडले की आधी तेच बघा. गाळणीची जाळी असलेल्या इंजिनाचं तेल २५ तासांनी बदला, तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी.

जमिनीवर फिरवणं तर सर्वांत वाईट. तेल ८० अंशांच्या आसपास तापून तिथं काही वेळ राहिल्याशिवाय आतलं पाणी उडून जात नाही, आणि उभ्या विमानात ते तितकं तापत नाही. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही इंजिनाला वाफ पाजता. एक तर उघडीप बघून अर्धा-पाऊण तास उडवा, नाही तर मृगाआधी इंजिन नीट झोपवा. प्रिझर्व्हेटिव्ह तेल, प्लगांच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (इंजिनातली हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी) बंद. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला. प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) ‘फिरवू नका’ अशी पाटी लावा. ती पाटी जिवासाठीही आहे. मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही प्रॉप लाथ मारतो.

पावसाळी उघडिपीत उडताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) विसरू नका. २० अंशांच्या दमट हवेत, कमी पॉवरवर, याच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो.

---

माळावरचा वारा

काल जाऊन आलो. तीनजबडी सोबत होता. शेपटीचं झाकण काढलं, आत उंदराचं घरटं, त्याखाली ओली माती. उजवी खालची नळी शेवटच्या हातभर भागात पापुद्रे सोडतेय, टोचा आत गेला. डावी चांगली आहे. वरचं कापड ५२ ला फाटलं. कागद काढले तर मूळचं कापड ग्रेड-ए, म्हणजे ते गेलंच. लॉगबुकं तिन्ही आहेत, शेवटचा एआरसी (उड्डाणयोग्यता तपासणीचं प्रमाणपत्र) संपून चार वर्षं झालीत.

मालकाच्या घरच्यांना फोटो दाखवून सगळं सरळ सांगितलं. त्यांनी किंमत कमी केली आणि थोरल्या मुलाने वडिलांची लाकडी प्रॉपची शिवलेली कव्हरं मला तशीच देऊन टाकली. बोलणी पक्की झाली. नळी आणि कापडाचं काम मान्यताप्राप्त संस्थेकडेच देणार. काका, नळी कापण्याआधी सांगाडा सरळ धरायला कुठल्या चार ठिकाणी आधार द्यायचा? तीनजबडी उद्यापासून स्टँडला लागतोय.

---

सेफ्टीवायर

आधार सांगतो, पण आधी काम करणाऱ्या संस्थेचं रिपेअर ड्रॉइंग येऊ द्या. स्टँड त्यावरून करा. तोवर उंदराचं मूत लागलेल्या सगळ्या नळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा, उद्याच. ते गंजापेक्षा लवकर खातं.