पीएचडीची अट नको

ह्या चर्चेत एकांनी लिहिलंय की ग्रहविज्ञानवाल्यांचा, म्हणजे ग्रह-चंद्रांचा अभ्यास करणाऱ्यांचा, देशपातळीवर गट हवाच पण सभासद पीएचडी झालेलेच घ्या, हे मला अजिबात पटलं नाही. मी साताऱ्यात जिऑलॉजी शिकवते. परवा पोरांना यवतेश्वर घाटात नेलेलं, हातोडीनं काळा दगड फोडून दाखवला तर एका पोरीनं विचारलं, मॅडम चंद्रावरचे काळे डाग पण असल्याच दगडाचे का? हो बाई, बेसॉल्टच, लाव्हा थिजून झालेला दगड. लोणारचा उल्का आदळून झालेला १.८ किमीचा खड्डा पण त्यातच पडलाय. म्हणजे अभ्यासाचं सामान दारात आहे आणि चांद्रयान-२ चा डेटा पण इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवलं की फुकट मिळतो, पण ती पीडीएस-४ फाईल (ग्रहांचा डेटा ठेवायची ठरलेली पद्धत) उघडायची कशी हे ह्या पोरीला कोण सांगणार? अहमदाबादला पीआरएल ह्या संशोधन संस्थेत असलेला शेजारच्या टेबलावर विचारतो, हिनं कुणाला विचारायचं?

म्हणून मीटिंगा ऑनलाईन पण ठेवा, प्रश्न मराठी-हिंदीत चालू द्या, पोरांना फी नको, आणि परिषदेला लेकरं सांभाळायची सोय करा, माझ्या दोन हुशार मैत्रिणी तेवढ्यापायी सुटल्या ह्यातनं. सभासदांच्या पहिल्या यादीत त्या पोरीचं नाव घ्या, फॉर्म मी बसून भरून घेते.