मदत हवी आहे : दर चोरीनंतर पारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) मुलांना ठाण्यात बसवून ठेवतात, कागद मात्र एकही नाही (नागपूर)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवटच येतील, म्हणून सगळं लिहिते.

दक्षिण नागपुरात रिंग रोडच्या पलीकडे आमचं लेआउट (प्लॉट पाडून झालेली वसाहत) आहे. मागे नाल्याच्या काठाने पारधी बेडा आहे, लेआउट पडायच्या आधीपासूनचा. बेड्यावरची काही पोरं संध्याकाळी जवळच्या बुद्धविहारात माझ्याकडे गणित-इंग्रजी शिकायला येतात. त्यातलाच एक जुना विद्यार्थी आता १९ वर्षांचा आहे. बारावी झाला, लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून जातो. आपल्याकडची लग्नं लॉनवर. शेवटची पंगत उठून भांडी गाडीत चढेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते आणि मग पांढरा शर्ट, काळी पँट घातलेला हा मुलगा सायकलने घरी निघतो. गस्तीच्या गाडीला नेमका तोच दिसतो.

लेआउटमध्ये घरफोडी झाली किंवा कुणाची चेन गेली की दुसऱ्या दिवशी डीबीचे लोक बेड्यावर हजर. (डीबी म्हणजे ठाण्यातलं गुन्हे शोध पथक, बाहेरगावच्यांसाठी सांगते.) कधी नुसता फोन येतो, "ये रे ठाण्यात, साहेबांनी बोलावलं." मुलं जातात. दिवसभर बाकड्यावर बसवतात, मोबाईल काढून घेतात. आधार कार्ड छातीशी धरायला लावून भिंतीला उभं करतात आणि कुणीतरी शिपाई स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढतो. संध्याकाळी सोडतात. कधी रात्रही तिथेच जाते. तळव्यावर पट्टे बसतात हे बेड्यावरच्या बाया भाजीचे भाव सांगावेत तसं सांगतात. या मुलावर आजवर एकही गुन्हा नाही. त्याचा धाकटा भाऊ १६ वर्षांचा, आता त्यालाही नेऊ लागले आहेत.

मागच्या खेपेला मी स्वतः ठाण्यात गेले. जमादार वाईट वागला नाही, खुर्ची दिली. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कायले मधात पडून राहिल्या? पकडून थोडी आणलं त्याले, बोलावलं फक्त." म्हटलं, मग डायरीत नोंद दाखवा. तर म्हणे, "अटकच नाही तं नोंद कायची?"

सगळी गोम इथेच आहे. अटक नाही म्हणून वकील नाही, कोर्ट नाही, २४ तासांची मर्यादा नाही. तक्रार करावी तर पहिला सवाल, पुरावा काय? कागदावर बघितलं तर हा मुलगा ठाण्याची पायरी कधी चढलेलाच नाही.

आणि आमचं लेआउटही काही कमी नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॅमेऱ्यातला धूसर फोटो टाकायचा, खाली लिहायचं "हे बेड्यावरचेच", आणि तसाच ठाण्याच्या नंबरवर पाठवायचा. आता बेडा हटवा असं पत्र ठाणेदारांना द्यायचा ठराव येतोय. बेड्यावरच्या बायांना धुणीभांड्याला ठेवू नये, अशीही एक सूचना आहे.

मला एवढंच हवंय की हे थांबावं. कुणाची नोकरी घालवायची नाही. पण मुलाची आई म्हणते, "बाई, अर्ज देसान तं मंग अजून मारतीन." तिचं खोटं नाही. तर त्रास न वाढवता सुरुवात कुठून करायची? नोंदच नसलेल्या गोष्टीची तक्रार कशी करतात? धाकट्यासाठी वेगळे नियम आहेत का? ठाण्याचं आणि लेआउटचं नाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका.

लोकलपास

वाईट वाटलं वाचून. पण एक विचारतो, राग मानू नका. चोऱ्या तर होतात ना? मग पोलिसांनी चौकशी कुठे करायची? आमच्या डोंबिवलीत घरफोडी झाली तेव्हा वॉचमनपासून सगळ्यांनाच बोलावलं होतं.

संत्राबर्फी

राग कशाला. चौकशी करूच नये असं कुणी म्हणत नाही. तुमच्या वॉचमनला त्या इमारतीतल्या चोरीसाठी बोलावलं. इथे चोरी कुठेही होवो, बोलावणं त्याच दहा-बारा घरांना. आमच्या लेआउटमध्ये प्लंबर, डिलिव्हरीवाले, बांधकामावरचे मजूर, सगळे येतात. त्यांच्यातल्या कुणाचा आधार कार्डासकट फोटो काढलेला मी पाहिला नाही.

माजी खाकी

खात्यात उभी हयात गेली, विदर्भातच. डीबीतही होतो. आतून कसं चालतं ते सांगतो, समर्थन म्हणून नाही.

महिन्याला गुन्हे बैठक असते. वरिष्ठ ठाणेदाराला उभं करून विचारतात, घरफोड्या किती, उघड किती? ठाणेदार येऊन डीबीवर चढतो. डीबीकडे चार-पाच माणसं, त्यातला एखादा बंदोबस्तात अडकलेला. खरा तपास म्हणजे मोबाईल टॉवरचा डेटा मागव, सोनारांकडे फिर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या टोळ्यांची माहिती काढ. त्याला वेळ लागतो. बेडा दहा मिनिटांवर असतो. "दहा जण चेक केले" एवढं तरी सांगता येतं. या "चेक" करण्यातून मोठा माल हाती लागल्याचं मला फारसं आठवत नाही, उलट बेड्यावरून येणारी खबर तेवढी बंद होते.

मूळ जुनं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, पण नवीन शिपायाला जुना शिपाई बीट दाखवतो तेव्हा बोट अजूनही बेड्याकडेच करतो.

एक व्यवहाराची गोष्ट. कागद नाही म्हणता ना? मग तुम्ही तयार करा. मुलाला नेलं की लगेच ११२ ला फोन लावा आणि शांतपणे सांगा की अमुक वयाच्या मुलाला अमुक वाजता, अमुक ठाण्याचे लोक घेऊन गेले, कारण सांगितलेलं नाही. त्या कॉलची वेळेसकट नोंद होते आणि ती ठाण्याच्या हातात नसते. भांडू नका, आवाज चढवू नका. फक्त नोंद होऊ द्या.

कलमदान

जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. माजी खाकींचा ११२ चा सल्ला सोन्यासारखा आहे, त्याला पुढे जोडतो.

"बोलावलंय फक्त" असा प्रकार कायद्यात नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून बोलवायचं आणि अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. मग नुसत्या फोनची काय कथा? चेन हिसकावण्याला आता तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, घरातल्या चोरीला सात (घर फोडून केली तर मात्र त्याहून जास्त). म्हणजे घरफोडीचं कलम नसेल तर दोन्ही गुन्हे सुप्रीम कोर्टाच्या अर्नेशकुमार निकालाच्या (२०१४, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीचा) कक्षेत येतात, सरसकट अटक करता येत नाही. आणि जिथून उठून जाता येत नाही ती अटकच, डायरीत लिहा किंवा लिहू नका. तिथे २४ तासांची मर्यादा लागू होते, नातेवाइकाला कळवणंही आलं.

म्हणून मुलाला एकच वाक्य पाठ करायला लावा : "साहेब, नोटीस द्या, मी वेळेवर येतो." उद्धटपणा नको, "येत नाही" तर अजिबात नको. फोन आला तर तेच मेसेज करून पाठवायचं, म्हणजे तारीख राहते. नोटीस मिळाली तर मात्र जायचंच, शक्यतो सोबत कुणीतरी घेऊन.

फोटोचं : २०२२ च्या ओळख कायद्याखाली बोटांचे ठसे, फोटो घेता येतात, पण ते अटक झालेल्यांचे, शिक्षा झालेल्यांचे वगैरे. इतर कुणाचे घ्यायचे तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. शिपायाच्या खाजगी मोबाईलमधला फोटो कुठल्याच कायद्यात बसत नाही.

आता पुरावा. परमवीर सिंग सैनी निकालात (डिसेंबर २०२०) सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं. तुमचा मुलगा बाकड्यावर बसलेला त्यात दिसणार. तारीख आणि अंदाजे वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या, पोलीस आयुक्तांना, प्रत ठाण्याला. माहिती अधिकारातही मागा. नाकारतील बहुधा, पण तो नकारसुद्धा कागदच आहे. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयोत (दोन्ही सरकारी रुग्णालयं) दाखवा, कसं लागलं ते डॉक्टरला खरं सांगा आणि केसपेपर जपून ठेवा. "पडलो" असं एकदा लिहिलं गेलं की नंतर आम्हाला फार जड जातं.

लोकलपास

पण एवढं करून पोलिसांवर कारवाई होते का कधी? की नुसतेच अर्ज?

कलमदान

होते, पण उशिरा. नागपुरातल्याच एका प्रकरणात १९९३ साली पोलिसांच्या ताब्यात एका माणसाचा मृत्यू झाला. दोषी पोलिसांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली ती २०१८ मध्ये. २५ वर्षं. म्हणून मी अशिलांना शिक्षेची स्वप्नं दाखवत नाही. अर्जांचा उपयोग वेगळा आहे : ज्याच्यामागे कागद आहे त्या मुलाला हात लावायला डीबी कचरते.

आईच्या भीतीवर उपाय म्हणजे पहिला अर्ज तक्रारीचा नको, विनंतीचा द्या. "आमच्या मुलांना चौकशीसाठी बोलवायचं असल्यास कलम १७९ किंवा ३५ प्रमाणे लेखी बोलवावं, ते सहकार्य करतील." सही एकट्या आईची नको, बेड्यावरच्या सगळ्यांची आणि लेआउटमधल्या दोन-चार जणांचीही. स्पीड पोस्टाने आयुक्त, उपायुक्त आणि ठाणेदार यांना. सोबत दोन निकालांचा उल्लेख करा. अमानतुल्ला खान (मे २०२४) : हिस्ट्रीशीटमध्ये (ठाण्यातली सराईत गुन्हेगारांची नोंद) केवळ मागास समाजातला म्हणून निरपराधांची नावं यांत्रिकपणे घालू नयेत. सुकन्या शांता (ऑक्टोबर २०२४) : विमुक्त जमातींच्या (पूर्वी त्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली असलेल्या) लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीचे निकाल पाळावेत. दुसरा निकाल मुळात तुरुंगातल्या जातिभेदाचा आहे, पण हा भाग तुमच्या कामाचा.

एवढ्यावर थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग निकालानंतर (२००६) राज्याने ते २०१४ मध्ये कायद्यात घातलं. पद्धत न पाळता ताब्यात ठेवणं हा त्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि पीडिताच्या वतीने दुसऱ्यालाही अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हालाही. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. वकिलाचा खर्च नको : अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि तुमच्या लेआउटच्या सेक्रेटरींना माझ्यातर्फे एक निरोप. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. लोकसेवकाला खोटी माहिती देऊन त्यांना त्रास होईल असं करणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(क्यू) खाली गुन्हा आहे. कामाला ठेवू नका असा ठराव म्हणजे सामाजिक-आर्थिक बहिष्कार, त्याच कलमाचं झेडसी. ठराव लिहून, सह्या करून देणार असतील तर पुरावा शोधायची तसदीही वाचेल.

माजी खाकी

तो निरोप गोड शब्दांत द्या हो ताई. सेक्रेटरी घाबरला तर ठराव मागे घेईल, चिडला तर त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन करेल. आणि केटररकडून मुलाला कामाच्या दिवसाचा मेसेज घ्यायला सांगा, "आज अमुक लॉन, सुटायची वेळ अमुक." रात्री संशयास्पद फिरण्याचं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ लावायचं म्हटलं तर तो मेसेज दाखवता येतो.

संत्राबर्फी

दोघांचेही मनापासून आभार. विनंतीअर्ज लिहून झाला. बेड्यावर वाचून दाखवला. आधी कुणी सही करेना, मग एका म्हाताऱ्या आजीने अंगठा दिला आणि बाकीचे आले. लेआउटमधून तिघांनी सही केली, एकाने "नाव नको, मनाने तुमच्यासोबत आहे" असं सांगितलं. ठरावाची सभा पुढे ढकलली आहे, कारण कुणी सांगत नाही. केटरर मेसेज द्यायला तयार आहे, फक्त "माझं नाव ठाण्यात येऊ देऊ नका" म्हणतो.

धाकट्याचं राहिलं. आणि विधी सेवा प्राधिकरणात सिव्हिल लाइन्सला आईसोबत यायला कुणी नागपूरकर मोकळं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. मी शाळेतून अर्धा दिवसच सुटी घेऊ शकते.

कलमदान

मी येतो, सोमवारी दुपारनंतर कोर्टातच असतो. धाकटा १८ च्या आतला आहे, त्याला ठाण्यात बसवताच येत नाही. ताब्यात घेतलाच तर बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचा, कोठडी नाहीच. वयाचा पुरावा काय आहे?

संत्राबर्फी

जन्माचा दाखला नाही, बेड्यावरच झाला तो. शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर तारीख आहे. चालेल?

कलमदान

चालेल. वय ठरवताना बाल न्याय कायद्यात शाळेचा दाखला आधी बघतात, महापालिकेचा त्यानंतर, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. तीन-चार झेरॉक्स काढा, एक त्याच्या खिशात, एक आईकडे, एक तुमच्याकडे. मूळ दाखला ठाण्यात कुणी मागितला तरी हातात देऊ नका, दाखवून परत घ्या.