पियाझोलाने टँगो नाचातून उठवून खुर्चीत बसवला. बरोबर केलं का?

पेटीकर (धागाकर्ता)

टँगो म्हणजे अर्जेंटिनाचा जोडीने नाचायचा नाच आणि त्याचं संगीत. त्यातल्या आस्तोर पियाझोलाचा विषय निघाला की दोन मिनिटांत त्याचं गाजलेलं 'लिबरटँगो' येतं आणि गाडी तिथेच थांबते. मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते त्याने वाद्यांमधून काढलेले आवाज. वादक, रचनाकार आणि ध्वनीचा कारागीर हे तीन पियाझोला वेगळे काढताच येत नाहीत. टँगोत त्याच्याएवढा मोठा माणूस झाला नाही, हे माझं ठाम मत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १९२१, अर्जेंटिनातलं मार देल प्लाता. बालपण न्यूयॉर्कमध्ये, तिथे वडिलांनी गहाणवटीच्या दुकानातून जुनं बांदोनेऑन आणून दिलं. १९३९ पासून ब्यूनोस आयर्समध्ये आनिबाल त्रोईलोच्या वाद्यवृंदात. रात्री कॅबरेत वादन आणि शिवाय अर्जेंटिनाचा शास्त्रीय संगीतकार हिनास्तेरा याच्याकडे रचनेचं शिक्षण. १९५४ मध्ये पॅरिसला रचनेच्या नामांकित शिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे गेला तो टँगो लपवूनच. बाईंनी त्याला पियानोवर टँगो वाजवायला लावला आणि खरा पियाझोला हाच, हे सोडू नकोस, असं बजावलं.

बांदोनेऑन हे आपल्या पेटीच्या गोतातलं वाद्य. भात्याची हवा, धातूचे सूर. पण बटणं ७१, आणि भाता उघडताना एक सूर, मिटताना त्याच बटणातून दुसरा. इतर वादक बसून मांडीवर घ्यायचे. हा उभा, एक पाय स्टुलावर, आणि भाता गुडघ्यावरून खाली सोडलेला. वाद्य स्वतःच्या वजनाने उघडतं, त्यामुळे सूर अंगावर येतो.

त्याच्या ताफ्यातला व्हायोलिनवाला तर गज घोडीच्या पलीकडे, तारेला गुंडाळी असते तिथे घासतो. सूर येतच नाही, लाकडावर सँडपेपर फिरवल्यासारखी खरखर येते, तीही नेमक्या तालात. तिला 'चिचार्रा' म्हणतात, म्हणजे झाडावर किरकिरणारा सिकाडा. चाबकासारखा सपकन वर जाणारा सूर तो 'लातिगो'. हेडफोन लावून ऐका. या खरखरीत मला शहर ऐकू येतं.

मिलोंगेरा

असहमत, आणि मनापासून.

मी बर्लिनला असते, आठवड्यातून दोनदा नाचायला जाते. मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या मैफलीत, गाणी तीन-चारच्या 'तांदा'त (संचात) लागतात, जुन्या वाद्यवृंदांची: दारिएन्सो, दी सार्ली, त्रोईलो, पुग्लिएसे. पियाझोला जवळजवळ कधीच लागत नाही. हा आकस नाही. मिठीत दोन माणसं चालत असतात, समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते छातीतून कळतं. त्या चालीला आधार देईल असा ठेका लागतो. त्रोईलो तरुण पियाझोलाने लिहून आणलेल्या मांडणीतले सूर रबराने खोडायचा. लोक सांगताना त्रोईलोला जुनाट ठरवतात. मला वाटतं, त्याला समोर नाचणारे दिसत होते.

पियाझोला थोर संगीतकार आहे, वाद नाही. पण टँगोतला सर्वांत मोठा? ज्या कलेत पाय आहेत, त्यातले पायच काढून टाकले तर उरतं ते वेगळं काहीतरी. त्याला वेगळं नाव द्या.

सातारी_तंतुवाद्य

मिलोंगेरा, +१.

पेटीकर

मिलोंगेरा, नाच त्याने थांबवला नाही. १९५५ मध्ये अर्जेंटिनाचा अध्यक्ष पेरोन याची सत्ता उलथली, पुढे रॉक आलं, मोठे वाद्यवृंद पोसणं परवडेनासं झालं. त्याच १९५५ मध्ये पियाझोलाने आठ जणांचा 'ओक्तेतो ब्यूनोस आयर्स' काढला, त्यात इलेक्ट्रिक गिटार घेतली. बाजार बसत असताना त्याने टँगोला जगायची दुसरी जागा शोधली. यासाठी त्याला आयुष्यभर शिव्या खाव्या लागल्या. १९५३ मध्ये त्याच्या सिम्फनीत दोन बांदोनेऑन बसवले म्हणून सभागृहात हाणामारी झाली! म्हणजे टँगोवाले म्हणतात हा आमचा नाही, शास्त्रीयवाले म्हणतात हे वाद्य आमचं नाही. माणसाने जायचं कुठे?

जुनी_तबकडी

आवाजांचं सगळं श्रेय त्याला देऊ नका. १९२०च्या दशकात हुलिओ दे कारो कर्णा लावलेलं व्हायोलिन वाजवत होता. त्याच्या सहा जणांच्या ताफ्याने टँगोला सावकाश, लक्ष देऊन ऐकायचं संगीत केलं. पियाझोलाने स्वतः 'देकारीसिमो' लिहून हे ऋण मान्य केलंय. आपण शिष्याचा फोटो लावतो आणि गुरूचं नाव विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पेटीकर

हे मान्य. दे कारोचं नाव मी घ्यायला हवं होतं, चुकलंच.

शांत_खोली

माझी हरकत वेगळी. 'ध्वनीचा कारागीर' इथपर्यंत ठीक आहे, पण पियाझोला ध्वनिकलेत, म्हणजे ताल-सुरांची चौकट सोडून नुसत्या आवाजाच्या कलेत, गेला नाही. त्याची खरखर तालाच्या चौकटीत, आठ मात्रांच्या तीन-तीन-दोन अशा हिशोबात पक्की बसवलेली असते.

बांदोनेऑन त्या चौकटीबाहेर नेलं अमेरिकेचा प्रयोगशील संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने, ऑक्टोबर १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका शस्त्रागाराच्या प्रचंड दालनात. कलाकार आणि अभियंते एकत्र आलेल्या 'नाइन इव्हिनिंग्ज'मध्ये त्याने बांदोनेऑनच्या आवाजावर स्पीकर, दिवे आणि पडद्यावरच्या प्रतिमा चालवल्या. वाद्याचा एक सूर, आणि अख्खी इमारत उत्तर देते. त्याआधी १९६० मध्ये संगीतकार माउरिसिओ कागेलने बांदोनेऑनसाठी 'पँडोराज बॉक्स' लिहिलं. तो ब्यूनोस आयर्सचाच, पण कोलोनला गेलेला.

पियाझोलाने १९७०च्या दशकात सिंथेसायझर घेऊन इलेक्ट्रॉनिक ताफा काढून पाहिला, आणि १९७८ मध्ये पुन्हा पाच जणांच्या ताफ्याकडे आला. तो परत फिरला, कारण त्याचा जीव टँगोत होता. मला तो त्यासाठीच आवडतो, पण नसलेली पदवी देऊ नये.

पेटीकर

ट्यूडर टँगो वाजवतच नव्हता, म्हणून त्याला वाद्य सोडवणं सोपं गेलं. टँगोत राहून ती खरखर लिहिणं मला जास्त कठीण वाटतं. नाव तुम्ही काहीही द्या.

मिलोंगेरा

'टँगोत राहून' हाच तर वाद आहे ना!

तरी एक प्रामाणिकपणे सांगते. १९५९ मध्ये तो दौऱ्यावर असताना वडील गेले. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने एका खोलीत बसून 'आदियोस नोनिनो' लिहिलं. नोनिनो म्हणजे तेच वडील, ज्यांनी ते जुनं बांदोनेऑन आणलं होतं. आमच्या इथे एकदा रात्री उशिरा, मिलोंगा संपल्यावर, बूट बदलताना कोणीतरी ते लावलं. मधला संथ भाग आला तेव्हा माझा एक बूट हातातच राहिला. कोणी बोललं नाही, कोणी उठून नाचलंही नाही. आम्ही सगळे बसून ऐकत होतो. माझा मुद्दा तोच आहे.